नीति, ईश्वर आणि वऱ्हाडची साक्ष

नीतीचे नियम त्रिकालाबाधित आहेत. तेव्हां ते घालून देणारा ईश्वरहि असलाच पाहिजे, असा एक युक्तिवाद वारंवार ऐकूं येतो. जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें १७८८ सालच्या आपल्या ग्रंथांत, सदाचार आणि सुख यांचा शेवटीं मेळ बसावयाचा तर ईश्वर मानणें प्राप्त आहे, असें प्रतिपादिलें. तर्कानें न सांपडलेला देव असा कर्तव्याच्या वाटेनें परत आला. या वादांत आमच्या वऱ्हाडच्याहि दोन साक्षी आहेत.

पहिली अकोल्याची. गोपाळ गणेश आगरकर १८५६ सालीं कऱ्हाडजवळ टेंभू येथें जन्मले. परंतु अकोल्यास शिकून १८७५ सालीं ते मॅट्रिक झाले व पुण्यास गेले. मिल्ल आणि स्पेन्सर यांच्या वाचनानंतर त्यांची ईश्वरावरील श्रद्धा उरली नाहीं. कर्तव्यनिष्ठा मात्र तसूभरहि ढळली नाहीं. मोठ्या पगाराची वाट सोडून त्यांनीं पोटापुरत्या वेतनावर शिक्षकाचें काम पत्करलें. १८८८ सालीं 'सुधारक' काढलें. लोकांनीं जिवंतपणीं त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी लेखणी थांबली नाहीं. १८९५ सालीं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, ते वारले.

यावर आस्तिक म्हणेल, झऱ्याचा उगम ठाऊक नसला तरी पाणी पिणाराची तहान भागतेच. म्हणून उगमच नाहीं असें थोडेंच ठरतें? हें उत्तर फोल नव्हे. मनुष्य नीतिमान् कसा राहतो हा एक प्रश्न. नीति कशावर उभी आहे हा दुसरा. आगरकरांच्या चरित्रानें पहिल्याचाच निकाल लागतो.

दुसऱ्यासाठीं अमरावतीस यावें. तेथील अंबादेवीचें मंदिर अस्पृश्यांस खुलें व्हावें म्हणून १९२७ सालीं चळवळ झाली, आणि नोव्हेंबरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालीं परिषद भरली. मज्जाव धर्माच्या नांवानें होता. मागणीहि देवीच्याच दर्शनाची होती. मग निवाडा कशावरून करावा? ईश्वराची आज्ञा एवढ्याच कारणानें एखादी गोष्ट योग्य ठरत असेल, तर खरी आज्ञा कोणती हें ओळखावयास साधनच उरत नाहीं. माणसाच्या स्पर्शानें माणूस विटाळतो असें मानणें हा अन्याय आहे, हें आधीं उमजावें लागतें. तेव्हांच तो देवाच्या नांवावर खपवूं नका, असें बजावतां येतें.

तात्पर्य, अढळ नीतीवरून ईश्वर सिद्ध होत नाहीं, आणि खोटाहि ठरत नाहीं. परंतु देवाच्या नांवानें जें सांगितलें जातें, त्याची पारख नीतीनेंच करावी लागते. नास्तिक असो कीं मंदिराच्या पायरीशीं अडविलेला भक्त असो, दोघांच्याहि हातीं कसोटी एकच. आपल्या घरीं देवघर असेल वा नसेल. उंबऱ्यावरून आपण कोणास परत पाठवितों, याचें उत्तर मात्र ज्याचें त्यानेंच द्यावयाचें आहे.