पायऱ्यांचा घाट, खिंडीचा घाट

काशीच्या मणिकर्णिका घाटावर लाकडांच्या उंच राशी रचलेल्या असतात. चितेचं लाकूड तराजूत तोलून दिलं जातं. पायऱ्या थेट गंगेत उतरतात. या घाटाच्या घडणीत मराठी हात मोठा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. शेजारचा घाट तर शिंद्यांच्याच नावाचा. मोरोपंत तांब्यांनी काशीत जन्मलेल्या लेकीचं नाव ठेवलं मणिकर्णिका. तीच पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई.

काशीत घाट म्हटलं की नदी डोळ्यांपुढे येते, जुन्नरकडे डोंगर.

मूळ संस्कृत ‘घट्ट’, म्हणजे पाण्यात उतरण्याची जागा. सह्याद्रीत हा शब्द कोकणात उतरणाऱ्या वाटेला लागला. उतार दोन्हीकडे आहेच. जुन्नर आणि कोकण जोडणाऱ्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. माथ्यावर दगडी रांजण आहे, तो जकातीचा असं सांगतात. भांड्याचा सुबक घाट किंवा लग्नाचा घाट घालणं यांचं नातं मात्र घडण्या-घडवण्याशी.

कोकणाच्या वर राहणारा तो घाटावरचा, म्हणून ‘घाटी’. मुंबईत कष्टकऱ्यांना हिणवायला हा शब्द वापरला गेला, हा त्यांच्यावर निखालस अन्याय होता.

युरोपीयांनी खिंडींचं ‘घाट’ हे नाव अख्ख्या पर्वतरांगेला दिलं. २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आपला सह्याद्री ‘पश्चिम घाट’ याच नावाने नोंदला गेला.