छापलेला नियम, न पोचलेला हक्क

माहितीच्या अधिकाराचा इतिहास सांगताना आपण बहुधा २००५ पासून सुरुवात करतो. थोडे मागे गेलोच, तर राजस्थानातील जनसुनावण्यांपर्यंत किंवा अण्णा हजारे यांच्या आंदोलनापर्यंत जातो. माझ्या मते ही सुरुवात सव्वाशेहून अधिक वर्षे उशिराची आहे. सरकारने कारभाराचा हिशेब द्यावा आणि स्वतः केलेले नियम रयतेला कळू द्यावेत, ही मागणी महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकातच उभी राहिली. सामान्य माणसाच्या हाती मत येण्याच्या कितीतरी आधी त्याच्या वतीने हिशेब मागितला जात होता. त्या काळाकडे पुन्हा पाहिले, तर आजच्या कायद्याचे दुबळे अंग नेमके कोणते, हेही अधिक स्पष्ट दिसते, असे मला वाटते.

पुण्याची सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली. तिच्या जन्माचे निमित्त मोठे राजकीय नव्हते. पर्वती संस्थानचा कारभार पाहणाऱ्या पंचांविषयी लोकांच्या तक्रारी होत्या, आणि त्या मांडायच्या तर कोणाच्या अधिकाराने, असा प्रश्न पुढे आला. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला दिलेले उत्तर मला फार महत्त्वाचे वाटते. सभेचा सभासद होण्यासाठी किमान पन्नास लोकांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. सुरुवातीच्या पंचाण्णव सभासदांमागे सुमारे सहा हजार लोकांची अशी संमती होती. कायद्याने कोणालाही प्रतिनिधी निवडण्याचा हक्क नसताना या मंडळींनी आपल्यापुरती निवडणूक उभी केली. दुसऱ्याकडे हिशेब मागायचा, तर आपण कोणाला बांधील आहोत हे आधी कागदावर दाखवायचे, ही त्यामागची वकिली शिस्त होती.

पुढच्या काही वर्षांत सभेने या अधिकाराचा उपयोग केला. दख्खनच्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या स्थितीची तिने स्वतः चौकशी केली. १८७५ मध्ये हिंदुस्थानला ब्रिटिश पार्लमेंटात प्रतिनिधित्व मिळावे, असा अर्ज हाउस ऑफ कॉमन्सकडे पाठवला. १८७६-७७ च्या दुष्काळात तिने गावोगावची हकिकत गोळा करून सरकारपुढे ठेवली. १८७८ पासून निघालेल्या तिच्या त्रैमासिकात न्यायमूर्ती रानडे यांनी शेतसारा, कर्ज, व्यापार अशा विषयांवर आकडेवारीनिशी लिहिले. सरकारचे अहवाल वाचायचे, त्यातले आकडे ताडून पाहायचे आणि सरकारच्याच आकड्यांनी सरकारला प्रश्न विचारायचे, ही पद्धत इथे घडली.

या परंपरेचे कौतुक करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे, आणि ती सर्वांत कठोरपणे जोतीराव फुले यांनी सांगितली. १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी निरक्षर शेतकरी आणि सरकारी कचेरी यांच्यामध्ये उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवले. सरकार साहेबाचे असले, तरी शेतकऱ्याला भेटणारे सरकार म्हणजे कुळकर्णी, कारकून आणि शिरस्तेदार. दस्तऐवजात काय लिहिले आहे, हे त्यांना ठाऊक. ज्याची जमीन त्या दस्तऐवजावर टांगलेली, त्याला ठाऊक नाही. सार्वजनिक सभेसारख्या संस्थांत शूद्रातिशूद्रांना स्थान कुठे आहे, हाही फुल्यांचा सवाल होता. त्याआधी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला होता. ही दोन लेखने शेजारी ठेवून वाचली, की एक गोष्ट लक्षात येते. वाचता न येणाऱ्याच्या बाबतीत सरकारला मुद्दाम काही लपवावे लागत नाही. उघड्यावर ठेवलेला कागदही त्याच्यासाठी बंदच असतो.

फुल्यांच्या या मुद्द्याचा प्रत्यय १८९६ मध्ये आला. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर सरकारने प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार केल्या होत्या. दुष्काळी कामे केव्हा काढावीत, मजुरी कशी ठरवावी, कामावर येऊ न शकणाऱ्यांना मदत कशी द्यावी, याचे नियम त्यांत होते. पीक बुडाल्यावर साऱ्याची तहकुबी किंवा सूट देण्याचे मार्गही सरकारी नियमांत होते. यात गुप्त काहीच नव्हते. सगळे छापील होते. पण ते इंग्रजीत होते आणि कचेरीत होते. १८९६ मध्ये पाऊस गेला, तेव्हा वसुलीला आलेल्या तलाठ्यापुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्या बाजूनेही एक सरकारी पुस्तक आहे, याची कल्पना नव्हती.

सार्वजनिक सभा त्या वेळी टिळकांच्या पक्षाकडे आली होती. टिळकांनी ‘केसरी’तून हे नियम मराठीत समजावून द्यायला सुरुवात केली. सभेचे प्रचारक जिल्ह्याजिल्ह्यांत गेले, पत्रके वाटली, सभा घेतल्या. पीक आलेच नसेल तर सारा भरण्यासाठी गुरे विकू नका, कर्ज काढू नका, नियमाप्रमाणे सूट मागा, असे त्यांचे सांगणे होते. टिळकांनी सारी मांडणी कायद्याच्या चौकटीत ठेवली होती. सरकारचा नियम सरकारच्याच रयतेला सांगणे हा गुन्हा कसा होईल, हा त्यांचा युक्तिवाद होता.

सरकारला मात्र त्यात साराबंदीची चिथावणी दिसली. सभेच्या काही प्रचारकांवर खटले भरले गेले. १८९७ मध्ये मुंबई सरकारने सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. सार्वजनिक धोरणाविषयी सरकारशी पत्रव्यवहार करण्याचा तिचा अधिकार यापुढे मानला जाणार नव्हता. सभेने कोणतेही गुपित फोडले नव्हते. छापलेला नियम योग्य माणसापर्यंत नेणे एवढेच तिने केले होते. राज्यकर्त्यांना गुपित फुटण्याइतकीच भीती नियम पोचण्याचीही असते, हे या प्रकरणातून दिसते. न मागितलेली सूट द्यावी लागत नाही, हे त्याचे साधे कारण.

त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्यावर वेगळा प्रसंग आला. टिळकांशी मतभेद झाल्यावर रानडे-गोखल्यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली होती. १८९७ मध्ये गोखले इंग्लंडमध्ये असताना पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी प्लेग बंदोबस्तातील अत्याचारांची तक्रार तिथल्या वृत्तपत्रात मांडली. परत आल्यावर सर्वांत गंभीर आरोपांचा पुरावा उभा राहू शकला नाही. त्यांनी पत्रलेखकांची नावे उघड केली नाहीत आणि जाहीर माफी मागितली. सार्वजनिक जीवनातली ही मानहानी त्यांना फार लागली. चौकशी सरकारच्या हाती, कागद सरकारच्या हाती, आणि बोलणाऱ्याला संरक्षण नाही, अशा स्थितीत आरोप करणाराच आरोपी कसा ठरतो, याचा अनुभव त्यांनी घेतला होता.

म्हणून डिसेंबर १९०३ मध्ये शासकीय गुपिते विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात आले, तेव्हा गोखल्यांनी त्याला केलेला विरोध मला १८९७ पासून वेगळा काढता येत नाही. १८८९ च्या मूळ कायद्याचा रोख मुख्यतः लष्करी आणि आरमारी गुपितांवर होता. लॉर्ड कर्झनच्या सरकारला त्यात मुलकी बाबीही आणायच्या होत्या. गोखल्यांचा मुद्दा असा, की इंग्लंडमध्ये सरकार पार्लमेंटला जबाबदार असते. हिंदुस्थानात तशी यंत्रणा नाही. इथे नोकरशाहीवर सतत चालणारा बाहेरचा अंकुश एकच, तो म्हणजे वृत्तपत्रांची टीका. तोही काढून घेतला, तर उरते काय? १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळातील सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची आणि प्रश्न विचारण्याची मुभा दिली होती, पण मत देण्याची नाही. अशा सभागृहात माहिती हेच गोखल्यांचे एकमेव शस्त्र होते. गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या अभ्यासू शिक्षकाने सरकारी अहवालांतून काढलेली आकडेवारी त्यांच्या अंदाजपत्रकावरील भाषणांमागे उभी असे. टीकेनंतर विधेयकाची धार थोडी कमी झाली, तरी मार्च १९०४ मध्ये ते मंजूर झाले. पुढे १९२३ मध्ये हा सारा कायदा नव्याने एकत्र केला गेला. तो शासकीय गुपिते अधिनियम स्वतंत्र भारतानेही ठेवला, आणि आजही तो लागू आहे.

स्वातंत्र्यानंतरची वाट दोन दिशांनी आली. एक न्यायालयाची. १९७५ मध्ये राजनारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक कामे जाणून घेण्याचा जनतेचा हक्क मान्य केला. त्याच विचाराचा धागा २०२४ मध्ये निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवणाऱ्या निकालातही आहे. दुसरी दिशा दुष्काळी कामांची, आणि ती मला अधिक जवळची वाटते. १९९० मध्ये राजस्थानात स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या. सरकारी कामांचे हजेरीपट आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचली गेली. कामावर न गेलेल्यांची नावे आणि न झालेली कामे लोकांनी जागच्या जागी ओळखली. वाचता येणारा एक आणि ऐकणारे शेकडो. फुल्यांनी दाखवलेली दरी ओलांडण्याचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

महाराष्ट्राने २००० मध्ये पहिला कायदा केला. तो तोकडा ठरला आणि २००२ मध्ये दुसरा आला. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा पूर्णपणे अमलात आला. त्याच्या कलम २२ ने १९२३ च्या कायद्यावरही मात केली. गोखल्यांना शंभर वर्षांनी मिळालेले हे उत्तर होते.

टिळकांच्या मराठी पत्रकांना मिळालेले उत्तर मात्र कलम ४ मध्ये आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सतरा प्रकारची माहिती कोणी न मागता प्रसिद्ध करावी, असे हे कलम सांगते. त्यात अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, रकमा किती आणि लाभार्थी कोण, हेही येते. लोकांना अर्ज करण्याची गरजच कमीत कमी पडावी, हा हेतू कायद्यात स्पष्ट लिहिला आहे. माहिती स्थानिक भाषेत आणि त्या भागात पोचेल अशा साधनाने द्यावी, हेही लिहिले आहे. दहा रुपये भरून अर्ज करायचा आणि तीस दिवस वाट पाहायची, ही या कायद्याची मागची वाट होती. आपण तीच राजमार्ग करून टाकली. त्यामुळे ज्याला अर्ज लिहिता येतो, अपील करता येते आणि प्रसंगी धमकी सोसता येते, त्याच्यापुरता हा हक्क आक्रसतो.

२०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा निश्चित कार्यकाळ काढून तो ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने खासगी माहितीच्या अपवादाची कक्षा रुंदावली. या दोन्हींना विरोध व्हायला हवा, आणि होतो आहे. खासगीपणाची चिंता खरी आहे. पण लाभार्थ्यांची यादीच झाकली गेली, तर हजेरीपटावरचे खोटे नाव कोणी आणि कसे ओळखायचे? तरीही मला वाटते, आपल्या मागण्यांच्या यादीत पहिले स्थान कलम ४ ला हवे. आणेवारीचे नाव आता पैसेवारी झाले आहे. ती कोणी ठरवली, कोणत्या शेतांत पीककापणीचे प्रयोग झाले, आकडा किती आला आणि त्यावर हरकत कोणाकडे, किती दिवसांत घ्यायची, हे गावच्या चावडीवर मराठीत लावलेले असावे आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचले जावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. १८९६ मध्ये हे काम करणाऱ्यांवर खटले झाले. आज तेच काम करणे सरकारचे कर्तव्य आहे. ते झाले की नाही, हे विचारायला आपल्या पन्नास शेजाऱ्यांचे मुखत्यारपत्रही आता लागत नाही.