खण, टेप आणि अक्षर : एका मापाचा इतिहास

'खण' हा शब्द मराठीत कापडाचाही आहे आणि मापाचाही. एका चोळीस पुरेल एवढे कापड म्हणजे खण. ओटी भरताना घेणारीच्या छातीचे माप कोणी विचारत नाही. गुळेदगुड्डच्या मागावर विणलेला तोच खण सडपातळ मुलीच्या ओटीत पडे आणि चार लेकरांच्या आईच्याही. बेतणारी बाई जुनी चोळी समोर ठेवून कापड कातरी आणि उरलासुरला फरक पुढची गाठ भागवी. गर्भारपणात, बाळंतपणात, उतारवयात देह बदले, तशी गाठ सैल किंवा घट्ट होई. माप कापडात आणि गाठीत होते. बाईला आपल्या देहाचा आकडा ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आज खोलीचे दार लावून आरशासमोर टेप धरणारी स्त्री मात्र '३४ बी' यासारखे उत्तर शोधत असते. हे उत्तर आले कुठून, हा प्रश्न वस्त्रेतिहासाचा आहे, तसाच तो भाषेचाही आहे.

पाश्चात्त्य वस्त्राची सुरुवातही गाठीपासूनच झाली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पॅरिसमध्ये एर्मिनी कादोल हिने १८८९ च्या सुमारास कॉर्सेटचे दोन भाग करून वरचा भाग खांद्यांवरच्या पट्ट्यांनी तोलला. पुढे अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब या तरुणीने दोन रुमाल आणि फीत यांतून एक सुटसुटीत वस्त्र तयार केले. नोव्हेंबर १९१४ मध्ये तिला त्याचे पेटंट मिळाले. ते बांधायचे वस्त्र होते, आणि एकच नग निरनिराळ्या बांध्यांच्या स्त्रियांना चालावा, हा त्याचा एक गुण म्हणून पेटंटमध्येच मांडला होता. म्हणजे खणामागची कल्पनाच तिथे वेगळ्या वाटेने आली होती.

गाठ गेली ती कारखान्यामुळे. एकसारख्या शिवणीचे हजारो नग दुकानात पाठवायचे, तर प्रत्येकाला नाव हवे. १९३२ मध्ये मिशिगनमधील एस. एच. कॅम्प या कंपनीने स्तनांच्या आकाराला आणि ठेवणीला ए ते डी अशी अक्षरे दिली. आरंभी ती अक्षरे वर्णनाची होती. पुढे ती वजाबाकीची झाली. छातीचा घेर आणि पट्टीचा आकडा यांत एक इंचाचा फरक असेल तर ए, दोनाचा असेल तर बी, असा हिशेब रूढ झाला. वर्णन मागे पडले आणि श्रेणी उरली. अक्षर एकटे काहीच सांगत नाही, हेही त्यातच विसरले गेले. वास्तविक ३४ सी, ३६ बी आणि ३२ डी यांच्या वाट्या साधारण सारख्याच मावाच्या असतात. पण 'डी म्हणजे मोठे' हा समज आजही हटत नाही.

त्याच काळात 'सर्वसामान्य स्त्री' नावाची कल्पना आकड्यांत बसवण्याचा सरकारी उद्योग झाला. १९३९–४० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने रूथ ओब्रायन यांच्या देखरेखीखाली सुमारे १५ हजार स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. हिशेबात मात्र गोऱ्या स्त्रियांचीच मापे धरली गेली. ज्यांना मोजलेच नाही किंवा मोजून वगळले, त्यांचे देह पुढे 'मापात न बसणारे' ठरले. माप ही निरपेक्ष गोष्ट आहे, असे म्हणणाऱ्याने हा प्रसंग आठवावा.

घरगुती मोजणीची जी रीत मासिकांतून पसरली, तिच्यातही अशीच एक खोच आहे. स्तनांखालच्या घेरात चार इंच मिळवायचे आणि तो पट्टीचा आकडा मानायचा, अशी ती रीत. समजा, खालचा घेर ३० इंच आणि छाती ३६. जुन्या रीतीने पट्टी ३४, फरक दोन, म्हणून ३४ बी. बेरीज न करता ब्रिटिश पद्धतीने मोजले तर पट्टी ३०, फरक सहा, म्हणून ३० ई. देह एकच, टेप एकच, आणि उत्तरे दोन. ब्रिटनमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४५ स्त्रियांवर ही टेपची पद्धत पडताळली. ७६ टक्के वेळा पट्टी गरजेपेक्षा मोठी आणि ८४ टक्के वेळा वाटी लहान निघाली. खांद्यावर रुतलेले वळ हा आपल्या देहाचा दोष मानणाऱ्या कितीएक बायका खरे तर या बेरजेच्या बळी आहेत. पट्टी सैल पडली की सारा भार खांद्यांवर येतो.

मग मोजू नये का? अवश्य मोजावे. श्वास सोडून, टेप जमिनीला समांतर ठेवून खालचा घेर जरा आवळून घ्यावा. भरीव भागावरचा घेर न आवळता घ्यावा. पण आलेला आकडा हा आरंभ समजावा. पट्टी पाठीवर वर सरकत नाही ना, तिच्याखाली दोनच बोटे जातात ना, मधला भाग छातीच्या हाडाला टेकतो ना, वाटीला चुण्या पडत नाहीत किंवा कडेने मांस बाहेर येत नाही ना, हे अंगावर घालूनच कळते. या कसोट्यांत एकही आकडा नाही.

आपल्याकडची अडचण मात्र आकड्याच्याही आधीची आहे. या वस्त्राला आपण सरळ शब्दच दिला नाही. 'बॉडीस' म्हटले, 'आतले कपडे' म्हटले, आणि काउंटरपलीकडच्या पुरुषाने नजरेने ठरवलेला नग कागदात गुंडाळून मुकाट घरी आणला. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढून र. धों. कर्वे देहाविषयी स्वच्छ मराठीत लिहीत राहिले आणि त्यासाठी त्यांनी खटले सोसले. तरी संकोच पुरता गेला नाही. शब्द अडतो तिथे मापही अडते.

खणाकडे परत जाण्यात अर्थ नाही. त्या चोळीलाही तिच्या काळाची बंधने होती. पण कापडाने देहाशी जुळवून घ्यायचे, ही तिच्या गाठीतली समजूत जपण्यासारखी आहे. टेप हातात घेणाऱ्या मुलीला एवढे तरी सांगता यावे, की आकडा चुकला तर चूक आकड्याची असते.