रुग्णालयातला कारागीर

स्कॅनर आणि त्रिमितीय छपाईची यंत्रे आल्यामुळे रुग्णालये आता स्वतः वस्तू घडवू लागली, असे म्हटले जाते. कृत्रिम पायांचा इतिहास पाहिला तर हे पटत नाही. पुण्यात १९४४ साली लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. साठच्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर मास्टर रामचंद्र शर्मा यांनी रबराचे पाऊल घडवले. परदेशी पाऊल ताठ होते, त्याला बूट लागे; ते लावून मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, अनवाणी शेतात उतरता येत नसे. शल्यविशारदाला शरीररचना ठाऊक होती, शर्मांना कारागिरी. दोघे एकाच आवारात होते आणि पाऊल वापरणारा रुग्णही समोर होता, म्हणूनच ते जमले असे मला वाटते.

संगणकाची कथाही वेगळी नाही. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात सॉकेटचे, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या खोबणीचे, आरेखन संगणकावर आणण्याच्या कामात जेम्स फोर्ट अग्रभागी होते. त्याआधी पन्नासच्या दशकात कॅलिफोर्नियात त्यांनी गुडघ्याखालच्या सॉकेटवर काम केले होते. वाटीखालच्या स्नायुबंधावर भार येईल तिथे पायाच्या साच्याचे प्लास्टर घासायचे, हाड टोचेल तिथे चढवायचे, हे त्या सॉकेटचे मर्म. संगणकाने हेच घासणे-चढवणे पडद्यावर नेले. कुठे किती, हे मात्र माणसानेच ठरवायचे राहिले.

हाताचे काम माणसागणिक बदलते, चांगला कारागीर गेला की कसब त्याच्याबरोबर जाते, हा आक्षेप खरा आहे आणि तो डिजिटल पद्धतीच्या बाजूने जातो. प्लास्टरचा साचा फुटतो, साठवायला जागा खातो. संगणकातला आकार वर्षभराने पुन्हा काढून दुरुस्त करता येतो, दूरच्या गावी पाठवता येतो. मूल वाढत असेल, वारंवार सॉकेट बदलावे लागत असेल, तर हा लाभ फार मोठा. पण त्यातून कारागीर अनावश्यक ठरत नाही. फाइलमध्ये आकार उरतो. अमुक जागी पाव सेंटिमीटर का घासले, हे कुणी लिहून ठेवले तरच उरते. आणि सॉकेट घालून चार पावले टाकल्यावर रुग्ण कुठे दुखते म्हणतो, ते ऐकणारा तंत्रज्ञ जवळ नसेल, तर दुरुस्त करायचे काय, हेच कळत नाही. रुग्णालय छपाईयंत्रासाठी पैसे मंजूर करते, तेव्हा अवयवतंत्रज्ञाचे कायम पदही त्याच ठरावात यायला हवे.