रेडियमपर्यंतची वाट

‘आग रामेश्वरीं, बंब सोमेश्वरीं’ ही म्हण आपण थट्टेनें वापरतों. परंतु कर्करोगावरील किरणोपचाराचा इतिहास पाहूं गेल्यास ती थट्टा राहत नाहीं. रोग एके ठिकाणीं, उपाय दुसऱ्या ठिकाणीं, आणि मधली वाट रोग्यानेंच चालावयाची, अशी ही हकीकत आहे.

१८९५ सालच्या नोव्हेंबरांत जर्मनींतील वुर्झबर्ग येथें रोंटगेन यांस क्ष-किरणांचा शोध लागला. १८९८ च्या डिसेंबरांत पॅरिस येथें मेरी व पिअर क्यूरी यांनीं रेडियमचा शोध जाहीर केला. हे किरण झपाट्यानें वाढणाऱ्या पेशींस विशेष मारक ठरतात, हें ध्यानीं येतांच वैद्यांनीं त्यांस कर्करोगाविरुद्ध कामास लावलें. परंतु रेडियम ही परसांत लावतां येणारी तुळस नव्हे. कित्येक टन खनिज गाळावें, तेव्हां त्याचा एक ग्रॅम हातीं यावा. १९२१ सालीं अमेरिकेंतील स्त्रियांनीं क्यूरीबाईंना एक ग्रॅम रेडियम भेट दिलें. त्यासाठीं सुमारें एक लाख डॉलर वर्गणी जमवावी लागली, व तें अर्पण करण्यास खुद्द अध्यक्ष हार्डिंग उभे राहिले. असें महाग द्रव्य मोठमोठ्या नगरींतच राहणार. औषध रोग्याकडे येईना, म्हणून रोगी औषधाकडे जाऊं लागले.

आपल्याकडील या इतिहासाचा आरंभ अशाच एका दूरच्या मृत्यूनें झाला. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांस रक्ताचा कर्करोग झाला, आणि १९३१ सालीं वेल्समधील एका शुश्रूषागृहांत त्यांचें निधन झालें. त्या घरीं पैशाची वाण नव्हती. वाण होती ती स्वदेशांतील उपचारांची. तसे उपचार हिंदुस्थानांत मिळावेत, असें दोराबजींनीं मनांत घेतलें. पण १९३२ सालीं तेही परदेशींच निवर्तले. पुढें नवरोजी सकलातवाला यांनीं तो संकल्प उचलून धरला, आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईंत परळ येथें गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्तें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. १९५७ सालीं तें मध्यवर्ती सरकारच्या आरोग्य खात्याकडे व १९६२ सालीं अणुशक्ति खात्याकडे गेलें.

समुद्रापलीकडचा उपाय परळास आला, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु नागपूरहून मुंबई लोहमार्गानें ८३७ किलोमीटर. तेथील शेतकऱ्यास परळ काय आणि विलायत काय, दोन्ही दूरच.

येथें कोणी म्हणेल, ‘एकदां कष्ट करून जावें, उपचार घ्यावा आणि परतावें.’ शस्त्रक्रियेपुरतें तें एक वेळ खरें मानूं. किरणोपचाराचें तसें नाहीं. १९२० नंतरच्या दशकांत पॅरिस येथें कुटार या वैद्यानें असें दाखविलें कीं, किरणांची मात्रा एकदम न देतां थोडी थोडी करून पुष्कळ दिवस दिली, तर निरोगी पेशी मधल्या अवधींत आपली मोडतोड बरीचशी सावरून घेतात, आणि कर्कपेशींस तें तितकें साधत नाहीं. तेव्हांपासून आठवड्यास पांच दिवस, असे पांच ते सात आठवडे, हा प्रघात पडला. म्हणजे अंतराचा गुणाकार आला. पन्नास किलोमीटरवरील रोगी रोज जाऊन येऊं लागला, तर पंचवीस खेपांत अडीच हजार किलोमीटर होतात. त्यांत सोबत्याचें भाडें आणि दोघांची बुडालेली मजुरी मिळवा.

आणि मधला दिवस चुकवून चालत नाहीं. खंड पडला कीं उरलेल्या कर्कपेशी पुन्हां वाढीस लागतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा सर्व किरणोपचार सुमारें आठ आठवड्यांत पुरा व्हावा, असें तज्ज्ञ सांगतात. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत, डोकें व मान यांच्या कर्करोगावरील किरणोपचार चार आठवडे लांबल्यास मृत्यूचा धोका सुमारें ९ टक्क्यांनीं वाढतो, असें आढळलें. मोटारींचा देश जी अमेरिका, तेथेंही किरणकेंद्र दूर असलेल्या स्त्रिया स्तन राखणारी शस्त्रक्रिया सोडून संपूर्ण स्तन काढून टाकण्याचा मार्ग अधिक पत्करतात, असें अभ्यासकांनीं नमूद केलें आहे. कारण पहिल्या मार्गांत पुढें आठवडेच्या आठवडे खेपा असतात. म्हणजे रोग्याचा निर्णय कधीं कधीं वैद्य करीत नाहीं, रस्ता करतो.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई अशीच अर्ध्यांतून परतली. पेरणी तोंडावर आली, गांठीचे पैसे सरले. ‘पेरण्या उरकून येतें’ म्हणाली. पेरण्या उरकल्या, ती पुन्हां गेली तेव्हां रोगानें वेळ साधली होती. तिला अडाणी म्हणणें सोपें आहे. मला तें म्हणवत नाहीं.

गुणाकार कमी करावयाचा, तर दोहोंपैकीं एक संख्या लहान करावी लागते. पहिला उपाय म्हणजे अंतर घटविणें. १९५१ सालीं कॅनडांत कोबाल्टच्या यंत्रानें उपचार सुरू झाले. कोबाल्टची शक्ति सव्वापांच वर्षांत निम्म्यावर येते. पण तें अणुभट्टींत तयार करतां येतें, आणि रेडियमच्या मानानें स्वस्त पडतें. त्यामुळें लहान शहरांसही असें यंत्र ठेवतां येऊं लागलें. पुढें भाभा अणुसंशोधन केंद्रानें ‘भाभाट्रॉन’ हें स्वदेशी यंत्र सिद्ध केलें. सोलापूर जिल्ह्यांतील बार्शीसारख्या तालुक्याच्या गांवीं कर्करोगाचें रुग्णालय उभें राहिलें, आणि देशांतील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणीही तेथेंच १९८७ सालीं सुरू झाली. २८ एप्रिल २०२२ रोजीं आसामांत एकाच दिवशीं सात कर्करोग रुग्णालयांचें उद्घाटन झालें, तेंही याच विचारानें.

दुसरा उपाय खेपा घटविण्याचा. ब्रिटनमधील प्रयोगांवरून स्तनाच्या कर्करोगांत पंचवीसांऐवजीं पंधरा, आणि कांहीं रोग्यांस केवळ पांच खेपा पुरतात, असें सिद्ध झालें आहे. हाडांतील वेदना शमविण्यास तर बहुधा एकच खेप पुरे होते.

तिसरा उपाय आपल्या जुन्या संस्कृतींतला, मुक्कामाचा. दादर येथील गाडगे महाराजांच्या नांवाची धर्मशाळा परगांवच्या कर्करोग्यांस व त्यांच्या माणसांस आसरा देते. ज्यास रात्रीं निजावयास जागा मिळाली, त्याची पंचवीस खेपांची वाट एका खेपेवर आली. यंत्रास कोट्यवधि रुपये लागतात. निवाऱ्यास त्या मानानें फार थोडे. तेवढें तर तुमच्या-आमच्यासारख्या शहरवासियांच्या हातीं आहे.

लेडी मेहेरबाईंस परदेशीं मृत्यु आला, त्याचें एका पतीस दुःख झालें, आणि परळास रुग्णालय झालें. पेरणीसाठीं परतलेल्या त्या माउलीच्या दुःखांतून काय व्हावें, हें आपण ठरवावयाचें आहे.