वेरूळ, घृष्णेश्वर, देवगिरी : एका दिवसात गाईडसोबत कसं पाहाल? गाडी ठरवण्याआधी हे वाचा

सुगी उरकली की गावोगावी सहलीची बोलणी सुरू होतात. दहा-बारा घरं मिळून एक गाडी करतात. म्हाताऱ्यांना ज्योतिर्लिंगाचं दर्शन हवं असतं, पोरांना लेणी आणि किल्ला. छत्रपती संभाजीनगरपासून साधारण ३० किलोमीटरच्या पट्ट्यात हे सगळं एका दिवसात होतं. मात्र वार आणि क्रम चुकला तर गाडीभाडंही जातं आणि दिवसही.

मंगळवार टाळा
वेरूळची लेणी दर मंगळवारी बंद असतात. हे माहीत नसल्याने मंगळवारी गेलेल्या गाड्या गेटवरूनच माघारी फिरतात. शनिवार, सोमवार, श्रावण आणि महाशिवरात्रीला घृष्णेश्वर व भद्रा मारुतीला गर्दी फार असते. वयस्कर मंडळी सोबत असतील तर बुधवार ते शुक्रवार बरा.

आधी लांबचं, मग जवळचं
शहराकडून जाताना सुमारे १५ किलोमीटरवर देवगिरी लागतो, पुढे खुलताबाद आणि शेवटी वेरूळ. पहाटे निघून थेट वेरूळ गाठावं आणि परतताना बाकीचं करावं.

सकाळी घृष्णेश्वर. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक. मालोजीराजे भोसले यांनी देवळाचा जीर्णोद्धार केला. आज दिसतं ते लाल दगडाचं देऊळ १८व्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी उभारलं. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा, बनियन काढावं लागतं. मोबाईल आत नेता येत नाही, म्हणून एक माणूस सामानाजवळ ठेवावा. वेरूळ हे भोसले घराण्याचं गाव. मालोजीराजांच्या गढीचे अवशेष गावातच आहेत, तेही बघून घ्यावेत.

लेणी : नुसतं कैलास पाहून फिरू नका
देवळापासून लेणी हाकेच्या अंतरावर. एकूण ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. तिन्ही धर्मांची लेणी एकाच डोंगरात आहेत. १९८३ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं.

१६ नंबरचं कैलास लेणं राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, म्हणजे ८व्या शतकातलं. ते बांधलेलं नाही, डोंगर वरून खाली कोरत आणलेला आहे. आधी कळस, मग खालचं. पाया शेवटी. मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओत हे परग्रहावरच्या लोकांनी केलं असं सांगतात, त्याला काडीचा आधार नाही. कृष्णराजाच्या या देवळाचा उल्लेख ताम्रपटात आहे. अर्धवट राहिलेल्या लेण्यांत छिन्नीचे घाव आजही दिसतात. काम माणसांनीच केलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या केलं.

वेळ कमी असेल तर निदान चार लेणी बघावीत : १० नंबर (सुताराची झोपडी म्हणतात, छत लाकडी वाशांसारखं कोरलंय), १२ नंबर (तीन मजली), १६ आणि ३२ नंबर (जैन, इंद्रसभा). जैन लेणी थोडी लांब आहेत, म्हाताऱ्यांना चालवू नये. या चार लेण्यांना तीन तास धरावेत.

गाईड घ्यावा का?
घ्यावा. सोबत सांगणारा नसला की माणसं कैलासमध्ये फोटो काढून तासाभरात बाहेर येतात. रावण कैलास पर्वत हलवतोय ते शिल्प समोर असूनही कळत नाही. गाईड घेताना तीन गोष्टी :
– ओळखपत्र बघावं.
– पैसे, वेळ आणि कोणती लेणी दाखवणार हे आधीच ठरवावं. खर्च सगळ्यांत वाटला की जड जात नाही.
– मराठीत सांगणारा मागावा. आया-बायांना कळलं तरच उपयोग.

दुपारनंतर
जेवण उरकून खुलताबाद. इथला भद्रा मारुती झोपलेल्या रूपात आहे. सुफी संतांचे दर्गे आणि औरंगजेबाची साधी कबरही याच गावात.

चारच्या आत देवगिरीला पोहोचावं. हा यादवांच्या राजधानीचा किल्ला. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने इथं स्वारी केली. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून इथं आणली आणि दौलताबाद नाव दिलं. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी इथले किल्लेदार होते. ताशीव कडा, खंदक, चांदमिनार, मेंढा तोफ आणि काळोखी अंधारी ही बघण्यासारखी. अंधारीत टॉर्च लागते, मोबाईलची बॅटरी तोवर राखावी. वरपर्यंत शेकडो पायऱ्या आहेत. गुडघेदुखी, दम लागणं किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी खाली भारतमाता मंदिरापाशीच बसावं. हट्टाने वर नेऊ नये.

सोबत काय, आणि काय नको
पाणी, टोपी, घट्ट बसणाऱ्या चपला, आधार कार्ड आणि तिकिटासाठी सुट्टे पैसे. १५ वर्षांखालच्या मुलांना लेणी व किल्ल्याचं तिकीट नाही. माकडं पिशव्या ओढतात, खाऊ हातात धरून फिरू नये.

शेवटचं आणि महत्त्वाचं. दगडावर नाव कोरणं, मूर्तीवर चढून फोटो काढणं हा गुन्हा आहे. संरक्षित स्मारकाची खराबी केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. बाराशे वर्षं टिकलेलं शिल्प एका खिळ्याने कायमचं बिघडतं. गाडीत बसतानाच पोरांना हे बजावून ठेवावं.