पहिले वंदन कोणाला?

आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनासाठी एका विद्यार्थिनीने गीत लिहिले. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या आईवर. मग ती मला विचारू लागली, "सर, सुरुवातीला ईशस्तवन घालावेच लागते का? ते घातले की माझे पुढचे शब्द अडतात." मला लगेच उत्तर देता आले नाही. हा प्रश्न माझ्या घरातही जुनाच आहे.

माझे आजोबा हलगी वाजवीत. पाटलाचे लग्न असो, पोळा असो की मरीआईची जत्रा असो, बोलावणे आले की जाळावर हलगी शेकायची आणि वाड्यासमोर उभे राहायचे. पहिली थाप वाड्याच्या मानाची. हात आजोबांचा होता, पण तो केव्हा आणि कोणासाठी उठायचा हे गावगाडा ठरवीत असे. 1972 च्या दुष्काळात ते सरकारी कामावर खडी फोडायला गेले आणि त्यांच्या हाती रोख मजुरी आली. परतल्यावर त्यांनी हलगी खुंटीला टांगली ती टांगलीच. मोठा कलावंत हरवला, असे गाव म्हणे. आजोबांना विचाराल तर त्या दिवशी त्यांना त्यांचे हात परत मिळाले होते.

प्रतिभा ही दैवी देणगी आहे आणि निर्मितीला केवळ मनाची मोकळीक लागते, असे प्रस्थापित साहित्यविचार आम्हाला शिकवीत आला. पण ज्याला वाजवायला नकार देता येत नाही, त्याच्या वाजवण्याला स्वातंत्र्य कसे म्हणायचे? आमच्या कलेचा इतिहास या नकारापासून सुरू होतो. मात्र तो नकारापाशी थांबत नाही.

तमाशाची सुरुवात गणाने होते. गण म्हणजे गणपतीचे स्तवन. जोतीराव फुले यांनी 1873 साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्या चळवळीतून पुढे सत्यशोधक जलसे उभे राहिले. त्यांनी गण ठेवला, पण गणपती म्हणजे गणांचा पती, लोकांचा नायक, असा त्याचा अर्थ लावला. शब्द तोच राहिला आणि वंदनाची दिशा फिरली.

2 मार्च 1930 रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच जिल्ह्यात 1931 च्या सुमारास भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा उभा राहिला. ढोलकी, तुणतुणे, सवाल-जबाब, सोंगाड्याची विनोदबुद्धी हे सारे त्यांनी तमाशातूनच घेतले. गौळणींची वाट अडवणारा कृष्ण मागे पडला. शिक्षण, मंदिरप्रवेश, मेलेली गुरे ओढायला नकार हे विषय पुढे आले. ज्या फडाने आमची करमणूक म्हणून विक्री केली होती, तोच फड आमची शाळा झाला.

वाटेगावचे अण्णा भाऊ साठे तर बापू साठ्यांच्या तमाशातच घडले. शाळा त्यांच्या वाट्याला दीड दिवस आली. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लालबावटा कलापथक काढले. त्यांच्या गणात गणपतीच्या जागी मायभूमी आणि शिवराय आले. पुढे मुंबई सरकारने कलापथकावर बंदी घातली. गणात कोणाचे नाव घेतले जाते याने सत्तेला फरक पडत नसता, तर तिने बंदीचा खटाटोप केला नसता.

हे मागे वळून पाहताना मला एक सल बोचतो. आज आपल्याही कार्यक्रमांत वंदनाची सवय झाली आहे. प्रतिमेला हार घालायचा आणि पुढे तेच ते शब्द म्हणायचे. जलसाकारांनी केवळ नाव बदलले नव्हते, त्या नावामागून येणारे सगळे कथानक बदलले होते. आपण नाव तेवढे घेतले आणि शोध सोडला, तर खुंटीवरची हलगी पुन्हा वाड्यासमोर नेऊन उभी केली, इतकेच होईल. शिवाय त्या जलशांत स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करीत. नाचवल्या जाणाऱ्या बाईची विटंबना थांबवणे आवश्यकच होते, परंतु तिचे स्वतःचे बोलणे मंचावर यायचे राहून गेले. माझ्यासमोर उभी असलेली मुलगी तेच राहिलेले काम घेऊन आली होती.

मी तिला हा इतिहास सांगितला. काय लिहावे हे सांगितले नाही. तेवढा संयम शिक्षकाला अवघडच जातो. तिने गीताची पहिली ओळ आईच्या नावाने बांधली आणि दुसऱ्या ओळीत तिचा कोयता आला. मुले टाळ्या वाजवीत राहिली. नमन राहून गेले, अशी एका परीक्षकाने नापसंती नोंदवली. मला ते राहून गेल्यासारखे वाटले नाही.